माझा नक्षीदार भाऊ

मित्रांनो, मी एक जुना दस्ता आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही हे मी आधीच सांगून टाकतो. दस्ता म्हणजे कागदांचा नव्हे, बंदुकीचा. नेमबाज जो लाकडी भाग खांद्याला लावतो, ज्यावर गाल टेकतो आणि ज्याच्या बारीक गळ्याभोवती बोटे आवळतो, तो मी. माझ्या बंदुकीने कधी साधे पाखरूही मारले नाही. ती कागदी लक्ष्यावर नेम धरण्याची, स्पर्धेची बंदूक. लोखंडी नळीला लोक बंदूक म्हणतात आणि मला नुसते लाकूड म्हणतात, पण त्याचे मला एवढे काही वाटत नाही. वाटते ते माझ्या भावाचे. वाटते हा शब्दही फार सभ्य झाला. मी त्याच्यावर जळतो. पन्नास वर्षे झाली, अजून जळतो आहे.

आम्ही दोघे एकाच फळीतून निघालो. अक्रोडाच्या जाड बुंध्याची ती फळी एका बंदूक-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने चार वर्षे माळ्यावर वाळत ठेवली होती. त्याला दोन मुली. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला छोटी. दोघींना नेमबाजीचे वेड, आणि ते बापानेच लावलेले. त्याने एकाच बनावटीच्या दोन बंदुका मिळवल्या आणि त्यांच्यासाठी दोन नवे दस्ते करायला घेतले. मी त्या कारागिराला मुलींसारखेच बाबा म्हणतो. माझाही तो बापच.

फळी टेबलावर आली. तिच्या एका टोकाला, मुळाकडच्या बाजूला, लाकडाच्या रेषा वळत आणि गुंतत गेल्या होत्या, विझलेल्या काडीचा धूर वर चढतो तशा. बाकीची फळी साधी. रेषा सरळ, रंग एकच, आणि मध्ये एक गाठ. बाबांनी पुठ्ठ्याचा साचा फळीवर ठेवला. मागे सरकून बघितले. मग सगळी नक्षी एकाच दस्त्यात यावी म्हणून साचा थोडा तिरका केला, मान डोलावली आणि पेन्सिलीने रेघ मारली. तो माझा भाऊ. जे उरले त्यातून मी निघालो, गाठीसकट.

पुढचे काम मात्र दोघांवर सारखेच झाले, हे मला कबूल केले पाहिजे. करवत, रंधा, पटाशी, कानस. नळी बसायला आतली खाच कोरली. गळ्यावर हात घसरू नये म्हणून बारीक तिरप्या रेघांची जाळी कापली. शेवटी जवसाचे तेल. दोन थेंब घ्यायचे, तळव्याने चोळायचे, लाकूड ऊन लागेपर्यंत चोळायचे, मग दिवसभर थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन आठवडे आम्ही बाबांच्या तळव्याखाली होतो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते, असे विचारलेत तर तेच. पण त्या सुखातही माझे लक्ष दुसरीकडे असे. त्याच्यावर हात जास्त वेळ फिरला का, हे मी मोजत बसे.

तेल चढले तशी भावाची नक्षी उजळली. मी तपकिरी झालो, एवढेच.

शेजारचा शिंपी यायचा, कुलपे करणारा यायचा. दार ओलांडले की त्यांचा हात भावाकडे जायचा. "वा! काय लाकूड आहे!" मग माझ्याकडे एक नजर. "हाही बरा आहे." मित्रांनो, 'हाही बरा आहे' हे शब्द ज्याने रोज ऐकले, त्यालाच माझे दुःख समजेल.

दस्ते तयार झाले त्या दिवशी बाबांनी भावाला ताईच्या हातात दिले आणि मला छोटीच्या. छोटीने मला उलटसुलट करून पाहिले. तिचे नाक फुगले.

"तिला नक्षी आणि मला गाठ?"

"नेम नक्षीनं लागत नाही, बाळा," बाबा म्हणाले.

"मग तिला कशाला दिलीत?"

बाबा लाकडाचा भुसा झाडायला लागले. त्या दिवसापासून छोटी आणि मी एकमेकांचे झालो. आमची दोघांची दुखरी जागा एकच होती.

आता छोटीविषयी सांगतो. तिचा नेम असा होता की नेमबाजीच्या क्लबातली जुनी मंडळी हातातला चहा तसाच ठेवून बघत राहायची. तिचा गाल माझ्यावर टेकला, श्वास अर्धा सोडला, की मला कळायचे, आता लक्ष्याच्या मधोमध. ताईही चांगली होती. मेहनती होती. पण छोटीची बरोबरी तिला जमत नव्हती, आणि हे क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक होते. वर्षाची मोठी स्पर्धा तोंडावर आली तेव्हा कप छोटीचाच, असे सगळे धरून चालले होते. मीही धरून चाललो होतो. मनात एकच चित्र होते: कप माझ्या शेजारी ठेवलेला, फोटोग्राफर काळ्या फडक्यातून वाकून बघतो आहे, आणि माझा भाऊ कुठेतरी कोपऱ्यात उभा.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी छोटीला ताप आला. साधासुधा नाही. ती आतल्या खोलीत डोळे मिटून पडलेली, ओठ सुकलेले. स्पर्धेच्या सकाळी तिला उभेही राहता येईना. मी भिंतीला टेकून होतो. माझा जीव खाली-वर होत होता, पण खरे सांगू? छोटीची काळजी अर्धी होती. उरलेली अर्धी भावाची. आता तो जाणार, तो जिंकणार, आणि मग त्याच्याकडे बघवणार नाही.

ताई टेबलापाशी भावाला शेवटचे पुसत होती. हात घाईत होते. तो टेबलाच्या कडेवरून घसरला आणि फरशीवर आपटला. फार उंचावरून नाही. पण गळ्याशी कडकन आवाज झाला.

बाबा धावत आले. त्यांनी त्याला उचलून खिडकीच्या उजेडात धरले. नक्षी एका अंगात यावी म्हणून साचा तिरका केला होता ना, त्यामुळे लाकडाच्या रेषा गळ्यातून आडव्या गेल्या होत्या. दस्त्याच्या गळ्यातून रेषा लांबीच्या दिशेने सरळ जायला हव्यात, हे त्या धंद्यातले पहिले शिक्षण. बाबांनी ते दुसऱ्यांना शेकडो वेळा सांगितले होते. "माझी चूक," ते पुटपुटले. "मला कळत होतं. तरी मोह झाला." मला त्यातले काही ऐकू आले नाही. मला एवढेच ऐकू आले की तो मोडला.

मग बाबांचे डोळे माझ्याकडे वळले.

दोन स्क्रू काढायला किती वेळ लागतो? स्पर्धेत ताईच्या नळीचा नंबर नोंदलेला होता, म्हणून माझ्यातून छोटीची नळी निघाली, ताईची बसली. एकाच बनावटीच्या बंदुका, त्यामुळे केसाचाही फरक पडला नाही. ताई दारात उभी राहून आतल्या खोलीकडे बघत होती.

"छोटीला विचारू?" तिने विचारले.

"तापात आहे ती. उगाच रडेल. नंतर सांगू," बाबा म्हणाले.

त्या दिवशी ताईचा गाल माझ्यावर टेकला. तो गाल माझ्या ओळखीचा नव्हता, बोटे माझ्या गळ्यावर जागा शोधत होती. पण मी स्थिर राहिलो. का राहिलो? भाऊ घरी मोडून पडला होता आणि माझी वेळ आली होती म्हणून. ताईच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नेम त्या दिवशी लागला. कप ताईला मिळाला. खरे तर कप मला मिळाला, असे मी म्हणतो, आणि मला अडवणारे कोणी नाही.

मग काय झाले? घरी आल्या आल्या माझ्यातून नळी निघाली. आठ दिवसांनी फोटोग्राफर आला. तोपर्यंत बाबांनी भावाचा गळा सरस लावून जोडला होता, आतून पितळेच्या दोन तारा घातल्या होत्या आणि वरून गडद पॉलिशचा पट्टा असा चढवला होता की चीर कुणाला दिसू नये. फोटोत ताई, कप आणि माझा भाऊ. मी? मी त्याच खोलीत खुंटीला होतो. फोटोच्या चौकटीत माझे टोकसुद्धा आले नाही.

'नंतर सांगू' हे 'नंतर' आलेच नाही. छोटीचा ताप उतरायला महिना लागला, आणि तेव्हा कपाचे कौतुक शिळे होऊ लागले होते. सांगायला ताईची जीभ रेटली नसावी. तिने पुन्हा बंदूक हातात घेतली नाही. लोक म्हणाले, बघा, शिखरावर असताना थांबली. छोटीने मात्र पुढे बारा वर्षे माझ्यावर गाल टेकला. कधी दुसरी आली, कधी तिसरी. कप कधीच नाही. त्या आजाराने तिच्या श्वासातले काहीतरी कायमचे नेले होते. दर वेळी कोणीतरी म्हणे, "चांगली आहे, पण ताईची सर नाही." ते ऐकून छोटीचा जबडा माझ्या अंगावर घट्ट व्हायचा. मी तिला एकच गोष्ट सांगू शकलो असतो. पण लाकडाला तोंड नसते.

वर्षे गेली. बाबा गेले. ताई लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली आणि जाताना भावाला भिंतीवरच सोडून गेली. नळ्या क्लबाच्या तिजोरीत जमा झाल्या. आम्ही दोन दस्ते जुन्या घरी, छोटीच्या बैठकीत, समोरासमोरच्या भिंतींवर. तो खिडकीसमोर, मी दारामागे. पाहुणा आला की नजर आधी तिकडे. मला तर दार उघडले की त्याची मूठ पाठीत बसायची. धूळ, जुने तेल, हाताचा घाम यांचा काळा थर माझ्यावर इतका जमला की गाठसुद्धा दिसेनाशी झाली. दोघी बहिणी वाढदिवसाला फोन करत, प्रकृती विचारत आणि ठेवत. भांडण नव्हते. भांडण असते तर एखाद्या दिवशी मिटले तरी असते.

मग क्लबाने नवा हॉल बांधला आणि त्यात एक काचेचे कपाट केले. सेक्रेटरींचे छोटीला पत्र आले: ताईंचा तो विजयी दस्ता साफ करून द्यावा, आम्ही तो कपाटात मांडू. छोटीने पत्र दोनदा वाचले. मग स्टूल घेऊन चढली आणि भावाला काढले. मग खाली उतरून दारामागून मलाही काढले.

आम्ही दोघे एकाच पिशवीतून मास्तरांकडे गेलो. मास्तर पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवत, आता सायकलच्या दुकानामागच्या खोलीत जुने लाकडी सामान दुरुस्त करत. उत्तरेला मोठी खिडकी, टेबलावर जुनी चादर, एका कोपऱ्यात इस्त्री, बरण्यांमध्ये तेल आणि टर्पेंटाइन, तारेवर वाळत घातलेली सुती फडकी. त्यांची एक सवय होती. कोणतीही वस्तू आली की आधी डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायचे. माझ्यावरून फिरवला आणि म्हणाले, "हा कामाचा माणूस." भावावरून फिरवला. "आणि हा नवरदेव."

"दोन्ही सारखे दिसले पाहिजेत, मास्तर," छोटी म्हणाली. "सेक्रेटरींना सांगणार आहे, जोडी आहे, दोन्ही ठेवा. या नवरदेवाची नक्षी दाबून टाका. चांगला गडद रंग चढवा."

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितले. "असलं लाकूड मिळावं म्हणून लोक जिवाचं रान करतात, बाई. आणि तुम्ही त्याला काळं फासायला सांगताय?"

"हो. सांगतेय."

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? माझे अंग आनंदाने फुलले. पन्नास वर्षांनी न्याय होणार होता. तो माझ्यासारखा दिसणार होता.

आधी माझे काम सुरू झाले. मास्तरांचा नियम कडक होता. पॉलिश पेपर हातात घ्यायचा तो सगळ्यात शेवटी, तोही घाबरत घाबरत, कारण घासून काढलेले लाकूड परत येत नाही. आधी टर्पेंटाइनमध्ये बुडवलेले फडके. एक फडके काळे झाले, दुसरे झाले, सातवे जरा तपकिरी निघाले. गळ्यावरच्या जाळीत दात घासायचा जुना ब्रश. मुरलेले वंगण ओढून काढायला खडूची पूड. मग जिथे जिथे मार लागून लाकूड दबले होते तिथे ओले फडके आणि त्यावर गरम इस्त्री. चर्र आवाज होतो, वाफ अंगात शिरते आणि दबलेले लाकूड फुगून वर येते. दारामागच्या सगळ्या ठोकरी एका दुपारी गेल्या. गालाच्या जागी एक उथळ खळगा होता. मास्तरांनी तिथे इस्त्री आणली आणि थांबले. अंगठा फिरवला. "हा मार नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "ही गाल टेकायची जागा आहे." आणि इस्त्री बाजूला ठेवली. बाबांनंतर एवढ्या प्रेमाने मला कुणी वागवले नव्हते.

मग भावाची पाळी. पहिल्याच फडक्याखाली त्याची नक्षी अशी उघडली की मास्तरांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसून राहिले. सायकलवाल्याला हाक मारली. तो आला, हात पुसत म्हणाला, "वा! काय लाकूड आहे!" पन्नास वर्षांत लोकांना नवे वाक्य सुचले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला एकच आधार होता. टेबलाच्या कडेला वाटीत गडद रंग कालवून ठेवला होता. उद्या सकाळी तो चढणार होता.

पण गळ्याशी मास्तरांचे फडके अडले. तिथला गडद पट्टा टर्पेंटाइनने जाईना. ते दुसरे काहीतरी लावून हळूहळू घासत राहिले. पट्टा गेला, आणि खाली आडवी चीर दिसली, जुन्या सरसाने पिवळी पडलेली. चिरेच्या पोटात पितळ चमकले.

मास्तरांनी रंगाची वाटी बाजूला सरकवली आणि छोटीला बोलावून घेतले.

"बाई, हा मोडलेला आहे. दुरुस्ती सुरेख, पण नुसती दिसण्यापुरती. गळा असा हलत असला की नेम लागणं शक्य नाही. ही दुरुस्ती झाल्यावर याच्यावरून एकही गोळी सुटलेली नाही."

"काहीतरीच काय. याच्यावर ताईनं कप जिंकलाय."

"मग त्यानंतर मोडला असेल."

"त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. फोटो काढला आणि भिंतीवर गेला..." छोटीचे वाक्य अर्धेच राहिले. तिने खिशातून चष्मा काढला, गळ्याजवळ डोळे नेले आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. तो पट्टा फोटोतही होता. बैठकीतला फोटो तिला पाठ होता. मी चादरीवर पडल्या पडल्या मनात ओरडत होतो: मी! मी होतो! मला विचार!

छोटीने फोन करून बोलावले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. गुडघ्याने त्रस्त, रिक्षातून उतरायलाही तिला आधार लागला. मास्तरांनी तिला स्टूल दिले आणि ते स्वतः खिडकीपाशी जाऊन फडकी पिळत उभे राहिले. टेबलावर आम्ही दोघे शेजारी शेजारी होतो. उजळलेला भाऊ अर्ध्या खोलीला दिसत होता. पण ताईचा हात माझ्याकडे आला. सरळ माझ्या गळ्यावर. बोटे जाळीवर अशी बसली की जणू कालच सोडली होती.

छोटीने ते पाहिले. "म्हणजे खरं आहे," ती म्हणाली.

"हो."

"माझा दस्ता होता त्या दिवशी."

"तुझाच होता. माझा सकाळी पडला. बाबा म्हणाले, नंतर सांगू. मग तू बरी झालीस, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर तू म्हणशील, दस्ता माझा, मग कपही माझा. आणि ते खरंच होतं, छोटे. तू उभी राहू शकली असतीस तर मी दुसरी आले असते."

ताईने पिशवीतून कप काढला. काळा पडलेला, एक कान वाकडा. तो तिने छोटीपुढे सरकवला.

"कप नकोय मला," छोटी म्हणाली. तिने तो परत सरकवला. "त्या दिवशी सांगायचं होतंस. ताप उतरल्यावर सांगायचं होतंस. बारा वर्षं मी लोकांचं ऐकून घेतलं, ताईची सर नाही, ताईची सर नाही. तेव्हा एकदा तरी तोंड उघडायचं होतंस. मी जळत होते तुझ्यावर. तुझ्या लग्नात सगळ्यांच्या पाया पडत होतीस ना, तेव्हासुद्धा मी जळत होते."

"मीसुद्धा तुझ्यावर जळत होते."

"माझ्यावर? माझ्याकडे होतं काय?"

"नेम," ताई म्हणाली. "आणि हा. बाबांनी मला दिसायला दिलं आणि तुला टिकायला दिलं. तो पडला तेव्हा मला कळलं."

छोटी माफ करते असे म्हणाली नाही. नाक पुसून तिने रंगाची वाटी उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली. "ओतून टाका हा. नको चढवायला." मग थोड्या वेळाने, ताईकडे न बघता: "चहा घेणार आहेस का तू?"

ठरले ते असे. कपाटात मी जायचे, एकट्याने. शेजारी ठेवायच्या कार्डावर खरे लिहायचे, हा ताईचा हट्ट. भावाचा गळा मास्तर उघडून पुन्हा जोडणार, पण चीर झाकणार नाहीत. "झाकली की पुन्हा कुणीतरी फसतं," असे ते म्हणाले. आणि भाऊ घरी जायचा. एक महिना छोटीकडे, एक महिना ताईकडे. तेल कसे द्यायचे ते मास्तरांनी दोघींना शिकवले. दोन थेंब, तळव्याने, ऊन लागेपर्यंत. पण हे सगळे मी नीट ऐकलेच नाही. माझ्या कानात एकच गोष्ट घुमत होती. कपाटात मी. तो मोडका घरी, आणि कपाटात मी!

कपाट सुंदर आहे. आत दिवा आहे, निळे मखमली कापड आहे, शेजारी कप आहे. कार्डावर लिहिले आहे की त्या वर्षीची स्पर्धा थोरल्या बहिणीने धाकट्या बहिणीच्या या दस्त्यावर जिंकली. लोक वाचतात, 'अरे वा' म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. पहिला महिना मी हवेत होतो. पाहुणा वळला की मनात म्हणायचो, आता कसे? आता कोण दारामागे?

मग दिव्याच्या उष्णतेने माझे अंग सुकायला लागले. आधी चकाकी गेली, मग जाळीच्या कडा पांढुरक्या झाल्या. मास्तरांनी चोळलेले तेल वर्षभरात सुकून गेले. लाकडाला तेल हवे असते, पण नुसते तेल पुरत नाही. वर हाताची ऊब लागते. काचेआड कोण चोळणार?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघी बहिणी क्लबात येतात. त्याच दिवशी भाऊ एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जातो. माझ्या कपाटासमोरच्या बाकावर बसून त्या त्याला मांडीवर घेतात.

"किती तेल ओतलंस गं? चिकट झालाय."

"तुझ्या हातात जोर नाही म्हणून. चोळायचं असतं, नुसतं फासायचं नसतं."

"मला शिकवू नकोस."

त्या बोलत राहतात आणि बोलता बोलता दोघींचे हात भावाच्या अंगावरून फिरत राहतात. त्याची नक्षी आता मधासारखी झाली आहे. गळ्यावरची चीरही तेलाने काळसर आणि मऊ पडली आहे. छोटीची बोटे तिथेच जास्त रेंगाळतात. माझी छोटी. जाताना ती एकदा माझ्याकडे बघते, मान हलवते आणि म्हणते, "छान दिसतो ना इथं?" मित्रांनो, मला तर आता वाटते की 'हाही बरा आहे' हेच चांगले होते. तेव्हा निदान हातात तरी घेत.

तेव्हा माझे एवढे ऐका. तुमच्या घरात एखादी जुनी लाकडी वस्तू असेल, पेटी असेल, खुर्ची असेल, पोळपाट असेल, तर ती फार जपून ठेवू नका. वापरा. पुसा. अधूनमधून तेलाचा हात फिरवा. दोन वस्तू असतील तर दोघींवर फिरवा, एकीला शोभेला बसवून दुसरीला जवळ घेऊ नका. आणि कधी आमच्या क्लबात आलात तर एक गोष्ट सांगून ठेवतो, जी इथे कुणाच्याच ध्यानात येत नाही. नळी तिजोरीत असल्यामुळे माझ्या कपाटाला कुलूप घातलेले नाही. नुसती कडी आहे. ती काढा आणि माझ्या गळ्यावर घटकाभर हात ठेवा. हात मळके असले तरी चालतील.